तीन कोटींना एकही मत नाही

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत प्रत्येक देशाला एक मत असतं. भारताला एक, चीनला एक आणि नौरूलाही एकच. नौरू म्हणजे प्रशांत महासागरातलं एक बेट. क्षेत्रफळ २१ चौरस किलोमीटर, लोकसंख्या बारा हजारांच्या घरात. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात असे चार-पाच देश सहज मावतील. त्याच महासागरातला तुवालू माणसांच्या हिशेबाने नौरूपेक्षाही थोडा लहान. नौरू १९९९ साली संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला, तुवालू २००० साली. यात वावगं काहीच नाही. आपलं म्हणणं जगाच्या कानावर घालायचा हक्क बारा हजार माणसांनाही असायलाच हवा.

प्रश्न दुसऱ्या बाजूचा आहे. तुर्कस्तान, इराण, इराक आणि सीरिया यांच्या सीमा जिथे एकमेकींना भिडतात त्या डोंगराळ मुलखात कुर्द लोक राहतात. त्यांची संख्या तीन ते चार कोटी धरली जाते. हा आकडा असा सैल आहे, कारण ज्या देशांत ते राहतात त्यांतल्या बहुतेकांनी त्यांना कुर्द म्हणून मोजायचंच टाळलं. खालचा आकडा धरला तरी संयुक्त राष्ट्रांच्या १९३ सदस्यांपैकी सव्वाशेहून अधिक देश कुर्दांपेक्षा लहान भरतात. आमसभेत या तीन कोटी माणसांची मतं शून्य.

लहान समाजाला स्वतःचं राज्य झेपत नाही, समाज मोठा असला की ते आपोआप मिळतं, अशी एक समजूत आपल्या मनात घर करून असते. आकडे ती टिकू देत नाहीत. कोणाला झेंडा मिळाला आणि कोणाला नाही, हे डोकी मोजून ठरलेलं नाही. डोकी कोणी मोजायची, कोणती धरायची आणि कोणती वगळायची, हे मात्र ज्यांच्याकडे झेंडा होता त्यांनीच ठरवलं. पुढचे सगळे आकडे मी याच नजरेने मांडतो आहे.

पहिल्या महायुद्धानंतर ऑटोमन साम्राज्याची वाटणी झाली. १० ऑगस्ट १९२० रोजी पॅरिसजवळ सेव्र इथे झालेल्या तहात ६२ ते ६४ ही तीन कलमं कुर्दांसाठी होती. आधी स्वायत्तता, आणि वर्षभरात लोकांनी मागणी केली तर स्वातंत्र्याची वाट मोकळी. पण मधल्या काळात तुर्की सेनानी मुस्तफा कमालच्या सैन्याने युद्ध जिंकलं, युरोपातल्या सत्तांना त्याच्याशी जुळवून घेणं भाग पडलं आणि २४ जुलै १९२३ रोजी लोझानला नवा तह झाला. त्यात कुर्दांचा साधा उल्लेखही उरला नाही. १९४६ च्या जानेवारीत इराणमधल्या महाबाद शहरात कुर्दांनी प्रजासत्ताक उभं केलं. सोव्हिएत फौजा माघारी गेल्या, इराणी सैन्य आलं आणि ते प्रजासत्ताक पहिला वाढदिवसही न पाहता संपलं. त्याचे अध्यक्ष काझी मोहम्मद यांना पुढच्या मार्चमध्ये महाबादमध्येच फाशी दिली गेली.

हे राजकारण झालं. मोजणीची ताकद पाहायची तर सीरियाच्या ईशान्येकडच्या हसाका प्रांतात जायला हवं. ५ ऑक्टोबर १९६२ रोजी तिथे एका दिवसाची खास जनगणना झाली. आपण १९४५ पूर्वीपासून इथेच राहतो, हे कागदाने सिद्ध करायचं होतं. ज्यांना जमलं नाही त्यांचं नागरिकत्व गेलं. असे सुमारे १ लाख २० हजार कुर्द निघाले. चोवीस तासांत १ लाख २० हजार, म्हणजे तासाला पाच हजार माणसं आपल्याच घरात परकी ठरली. एकाच कुटुंबात कोणी नागरिक राहिलं, कोणी परदेशी झालं. जे नोंदले गेले ते ‘अजानिब’, म्हणजे परके. ज्यांची नोंदच झाली नाही ते ‘मक्तूमीन’, कुठल्याच वहीत नसलेले. त्यांना जमीन घेता येईना, सरकारी नोकरी मिळेना, पासपोर्ट नाही. आणि ही अवस्था वारशाने मुलांकडे जायची. त्यामुळे २०११ पर्यंत त्या एका दिवसाचे वारस तीन लाखांच्या आसपास पोचले होते. सीरियात उठाव सुरू झाल्यावर, त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये, सरकारने फर्मान काढून अजानिबांना नागरिकत्व परत दिलं. मक्तूमीन त्यातही राहूनच गेले. ज्यांची नोंद नाही त्यांना परत काय देणार, असा तो सरकारी न्याय.

सीमेपलीकडे तुर्कस्तानात वेगळीच तऱ्हा. १९२८ च्या लिपी कायद्याने तुर्की भाषेसाठी रोमन अक्षरं ठरवली, आणि कुर्दी लिहायला लागणारी तीन अक्षरं त्या यादीत नव्हती. त्यामुळे मुलाचं कुर्दी नाव जन्मदाखल्यावर कुर्दी पद्धतीने लिहिणं बेकायदा. ही तीन अक्षरं २०१३ साली मोकळी झाली; पंच्याऐंशी वर्षं लागली. १९९१ मध्ये लैला झाना संसदेत निवडून आल्या आणि शपथेनंतर त्यांनी कुर्दीत एक वाक्य उच्चारलं, तुर्की आणि कुर्दी जनतेच्या बंधुभावाबद्दलचं. पुढे त्यांच्यावर फुटीरतेचा खटला चालला आणि १९९४ ते २००४ अशी दहा वर्षं त्या तुरुंगात होत्या.

इराकमध्ये १६ मार्च १९८८ रोजी हलब्जा गावावर विषारी वायूचे बॉम्ब पडले, सुमारे पाच हजार माणसं मेली. त्याच इराकमधल्या कुर्दांनी २५ सप्टेंबर २०१७ रोजी स्वातंत्र्यासाठी सार्वमत घेतलं. ७२ टक्के मतदान, त्यातले ९२ टक्के स्वातंत्र्याच्या बाजूने. जगातल्या कितीतरी देशांच्या जन्मामागे एवढं स्पष्ट बहुमत नाही. तीन आठवड्यांत इराकी सैन्याने किर्कुक घेतलं आणि निकाल कागदावर राहिला.

कुर्द हा एक समाज झाला. जगातल्या मूलनिवासी समाजांची बेरीज मांडली की डोळे विस्फारतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ साली दिलेला अंदाज ४७ कोटी ६० लाखांचा आहे. युरोपीय संघाच्या सत्तावीस देशांची मिळून लोकसंख्या याहून कमी आहे. त्या सत्तावीस देशांना आमसभेत सत्तावीस मतं. ही ४७ कोटी माणसं नव्वदएक देशांत, सुमारे ५ हजार वेगवेगळ्या समाजांत विभागली आहेत. जगाच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा ६ टक्क्यांच्या थोडा वर. अत्यंत गरिबीत जगणाऱ्यांत मात्र जवळपास १९ टक्के. तिप्पट.

आणि जमीन? २०१८ साली एका आंतरराष्ट्रीय संशोधक गटाने नकाशे एकावर एक ठेवून पाहिले तेव्हा मूलनिवासी समाजांची मालकी किंवा वहिवाट असलेली जमीन किमान ३ कोटी ८० लाख चौरस किलोमीटर निघाली. पृथ्वीवरच्या जमिनीचा जवळपास चौथा हिस्सा. त्यात अकरा भारत बसतात. जगातल्या संरक्षित वनक्षेत्रांचा आणि अभयारण्यांचा सुमारे ४० टक्के भाग याच जमिनीवर येतो.

इथे थांबून एका आकड्याबद्दल सांगायला हवं, कारण तो भाषणांतून आणि अहवालांतून सर्रास ऐकू येतो: जगातली ८० टक्के जैवविविधता मूलनिवासींच्या भूमीत आहे. २०२४ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात काही संशोधकांनी, त्यांत मूलनिवासी संशोधकही होते, या आकड्याचा माग काढला आणि त्याला आधारच नसल्याचं दाखवलं. तो वर्षानुवर्षं एकाच्या कागदावरून दुसऱ्याच्या कागदावर जात राहिला. सद्भावनेने वापरलेला खोटा आकडाही शेवटी त्याच लोकांना महागात पडतो. तो कोसळला की त्याबरोबर खऱ्या आकड्यांवरही शंका येते. अकरा भारतांएवढी जमीन हा खरा आकडा आहे आणि तो पुरेसा आहे.

या समाजांनी जगाचं दार ठोठावलं नाही असंही नाही. १९२३ साली उत्तर अमेरिकेतल्या हौडेनोशौनी या मूलनिवासी महासंघाचे प्रतिनिधी देस्काहे जिनिव्हाला गेले. कॅनडा सरकार आमच्या कारभारात ढवळाढवळ करतं आहे, अशी तक्रार राष्ट्रसंघापुढे मांडायला ते स्वतःच्या राष्ट्राचा पासपोर्ट घेऊन आले होते. काही लहान देशांनी त्यांची बाजू उचलून धरली, ब्रिटनने ती अडवली. वर्षाहून जास्त काळ थांबूनही राष्ट्रसंघाने त्यांचं ऐकून घेतलं नाही, आणि १९२५ साली ते वारले. त्यानंतर १३ सप्टेंबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मूलनिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. मध्ये चौऱ्याऐंशी वर्षं गेली. बाजूने १४४ मतं, तटस्थ ११, विरोधात ४. ते चार देश कोणते? अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. ज्यांचा अख्खा भूभागच मूलनिवासींकडून आलेला आहे नेमके तेच चार. पुढे २००९-१० मध्ये चौघांनीही भूमिका बदलली. पण २०१० सालीच हौडेनोशौनींचा लॅक्रॉस संघ मँचेस्टरच्या जागतिक स्पर्धेला निघाला, तेव्हा ब्रिटनने त्यांचे पासपोर्ट मानायला नकार दिला आणि त्यांना खेळताच आलं नाही. लॅक्रॉस हा खेळ त्यांच्याच पूर्वजांचा.

ऑस्ट्रेलियात तर न मोजण्याची तरतूद थेट राज्यघटनेत होती. १९०१ च्या घटनेचं १२७ वं कलम सांगायचं की देशाची किंवा राज्याची लोकसंख्या ठरवताना आदिवासींना धरायचं नाही. त्या भूमीवर निदान ५० हजार वर्षं राहणाऱ्यांना बेरजेतून वगळायचं आणि नुकत्याच बोटीतून उतरलेल्याला धरायचं. संसदेतल्या जागा आणि केंद्राचा पैसा लोकसंख्येच्या प्रमाणात वाटला जाणार होता, म्हणून ही बेरीज महत्त्वाची होती. २७ मे १९६७ च्या सार्वमतात ९० टक्क्यांहून अधिक मतदारांनी ते कलम काढून टाकलं. आज तिथल्या मूलनिवासींचं प्रमाण लोकसंख्येत ४ टक्क्यांहून कमी आहे आणि तुरुंगातल्या दर तीन कैद्यांत एक मूलनिवासी आहे. २०२३ साली संसदेला सल्ला देणारं एक मंडळ, केवळ सल्ला देणारं, घटनेत आणण्याचा प्रस्ताव आला. साठ टक्के मतदारांनी तो फेटाळला.

म्यानमारमध्ये २०१४ ची जनगणना झाली. सरकारमान्य वंशगट १३५, त्यांत रोहिंग्या नाहीत. १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने त्यांना आधीच बाहेर काढलं होतं. जनगणनेत कोणी स्वतःला रोहिंग्या म्हणवलं तर प्रगणक पुढच्या घरी जात. अंतिम अहवालात राखाईन राज्यातल्या न मोजलेल्या माणसांचा अंदाज दिला आहे: १० लाख ९० हजार. शेजारच्या बांगलादेशाला त्यांतल्या बहुतेकांची मोजदाद तीनच वर्षांत करावी लागली, कारण २५ ऑगस्ट २०१७ नंतर काही महिन्यांत सात लाखांहून अधिक रोहिंग्या जीव मुठीत धरून नाफ नदी ओलांडून आले.

पश्चिम सहाराची गोष्ट त्याहून गुंतागुंतीची. स्पेनची ही वसाहत १९६३ पासून संयुक्त राष्ट्रांच्या ‘स्वराज्य नसलेल्या प्रदेशां’च्या यादीत आहे. स्पेन निघून गेल्यावर मोरोक्को आत शिरला आणि सहारावी लोकांच्या पोलिसारिओ संघटनेशी युद्ध जुंपलं. १९९१ मध्ये युद्धविराम झाला तो एका अटीवर: स्वातंत्र्य की मोरोक्को, हे सार्वमताने ठरेल. मग मतदार कोण? स्पेनने १९७४ मध्ये केलेल्या जनगणनेत सुमारे ७४ हजार सहारावी भरले होते. मोरोक्कोने हजारो जादा अर्ज आणले. वाळवंटातल्या टोळ्यांच्या वडीलधाऱ्यांना समोर बसवून संयुक्त राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांनी सुमारे दोन लाख अर्जदारांच्या मुलाखती घेतल्या. हा अमक्याचा नातू, ही तमक्या कुळातली, अशी एकेका माणसाची ओळख पटवली. २००० च्या सुरुवातीला यादी झाली, नावं ८६ हजारांहून थोडी जास्त. तिच्यावर हरकती आल्या १ लाख ३० हजारांहून अधिक. मतदारांपेक्षा हरकती दीडपट. ते सार्वमत आजतागायत झालेलं नाही. दरम्यान मोरोक्कोने वाळूची आणि दगडांची एक संरक्षक भिंत उभारली, २,७०० किलोमीटर लांबीची, जवळपास मुंबईहून दिल्लीला जाऊन परत येण्याएवढी, आणि तिच्या कडेने सुरुंग पेरले. भिंतीपलीकडे, अल्जीरियातल्या तिंदूफजवळच्या छावण्यांत पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं राहतात. तिथे जन्मलेल्यांची मुलंही आता तिथेच जन्मतात.

न मोजणं हे एक हत्यार झालं. मोजणं हेही हत्यारच होतं, आणि ते अमेरिकेत चाललं. १८८७ साली अमेरिकी काँग्रेसने डॉज कायदा केला. तोवर तिथल्या मूलनिवासींची जमीन समाजाच्या सामाईक मालकीची होती. कायद्याने याद्या केल्या, कुटुंबप्रमुखाला १६० एकर अशी वाटणी ठरवली, आणि वाटून उरलेली जमीन ‘जादा’ म्हणून गोऱ्या वसाहतवाल्यांना खुली केली. माणसं जितकी कमी, तितकी जादा जमीन जास्त. वाट्याला आलेली जमीनही पुढे कर्जात, करात आणि फसवणुकीत गेली. १८८७ मध्ये मूलनिवासींकडे १३ कोटी ८० लाख एकर होते. १९३४ मध्ये उरले ४ कोटी ८० लाख. गेले ९ कोटी एकर, म्हणजे ३ लाख ६४ हजार चौरस किलोमीटर. अख्खा महाराष्ट्र त्यात घातला तरी ५० हजारांहून अधिक चौरस किलोमीटर शिल्लक राहतात. ४७ वर्षांचे दिवस करून भागाकार केला तर रोजचे २१ चौरस किलोमीटर येतात. सत्तेचाळीस वर्षं, रविवार-सुट्ट्या धरून, रोज एक नौरू.

त्याच देशात लकोटा सू लोकांचे ब्लॅक हिल्स हे डोंगर आहेत. १८६८ च्या तहाने ते त्यांना कायमचे दिले होते. १८७४ मध्ये तिथे सोनं सापडलं, १८७७ मध्ये डोंगर काढून घेतले. एकशेतीन वर्षांनी, १९८० मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की हे घेणं बेकायदा होतं, आणि व्याजासह सुमारे साडेदहा कोटी डॉलर भरपाई ठरवली. सू लोकांनी ती घेतली नाही. आम्ही जमीन विकलेली नाही, त्यामुळे किमतीचा प्रश्नच येत नाही, हे त्यांचं उत्तर. ती रक्कम खात्यात वाढत एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली आहे, आणि खात्याचे मालक अमेरिकेतल्या सर्वांत गरीब भागांपैकी एकात राहतात. पैशाला इतक्या सातत्याने नाही म्हटल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

याच्या आधीचा आकडा मांडताना हात अडखळतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१९ साली आजवरचे अंदाज एकत्र केले. त्यानुसार १४९२ मध्ये दोन्ही अमेरिका खंडांत सहा कोटींच्या आसपास माणसं होती आणि १६०० पर्यंत त्यांतली ५ कोटी ६० लाख गेली. देवी, गोवर, इन्फ्लुएंझा, लढाया, गुलामी, उपासमार. दहातली नऊ माणसं. त्या काळच्या जगाच्या लोकसंख्येचा जवळपास दहावा भाग. शेतं ओस पडली, त्यांवर जंगल वाढलं, आणि त्या झाडांनी हवेतला इतका कार्बन शोषला की अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या त्या शतकातल्या हवेत कार्बन डायऑक्साइड कमी भरतो, असं या संशोधकांचं म्हणणं आहे. एका खंडाचं मरण दुसऱ्या खंडाच्या बर्फात नोंदलं गेलं.

आता आकड्यांच्या दुसऱ्या टोकाला. १८५८ मध्ये ब्रिटिशांनी पोर्ट ब्लेअरची वसाहत वसवली तेव्हा ग्रेट अंदमानी लोकांचे दहा गट होते, प्रत्येकाची बोली वेगळी, एकूण माणसं काही हजार. १९०१ च्या जनगणनेत ६२५. १९६१ मध्ये १९. मग हळूहळू सावरत २०११ मध्ये ४४. त्यांतल्या बो गटाची भाषा जाणणाऱ्या शेवटच्या बाई, थोरल्या बोआ, २०१० च्या २६ जानेवारीला वारल्या. वय पंच्याऐंशीच्या आसपास. भाषातज्ज्ञ अन्विता अब्बी यांनी त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं आहे. बोआंना आपल्या भाषेत बोलायला कोणी उरलं नव्हतं, त्या पक्ष्यांशी बोलत. शेजारच्या नॉर्थ सेंटिनेल बेटावरचे लोक बाहेरच्यांना आजही उतरू देत नाहीत. २०११ च्या जनगणनेत त्यांची संख्या १५ आहे, ती बेटाबाहेरून, लांबूनच पाहून मोजलेली. जे दिसले ते पंधरा. त्यांना आपली मोजदाद नको आहे आणि त्या इच्छेचा मान राखला जातो, हे मला आपल्या देशाबद्दल अभिमानाचं वाटतं.

सर्वांत लहान आकडा ब्राझीलमधला आहे. रोंडोनिया राज्यातल्या तनारू जंगलात एक माणूस सुमारे सव्वीस वर्षं एकटा राहिला. त्याचे लोक जमीनदारांच्या हल्ल्यांत मारले गेले होते. त्यांचं नाव काय, भाषा कोणती, कोणालाच कळलं नाही. तो झोपडीत आणि रानात खोल खड्डे खणायचा, एवढ्यावरून लोक त्याला ओळखत. ब्राझील सरकारने त्याच्यासाठी आठ हजार हेक्टर जंगल राखून ठेवलं होतं, म्हणजे जवळपास चार नौरू, एका माणसाच्या राष्ट्रासाठी. ऑगस्ट २०२२ मध्ये तो आपल्या झोळीत मृत सापडला. अंगाभोवती मकाव पोपटांची पिसं रचलेली होती. मरण येतंय हे त्याला कळलं असावं, आणि आपल्या माणसांनी केलं असतं ते त्याने स्वतःच केलं असावं. आसपासचे जमीनदार त्यानंतर लगेच ती जमीन मागू लागले.

आपल्याकडे वळू. २००७ च्या जाहीरनाम्याच्या बाजूने भारताने मत दिलं, पण स्वातंत्र्याच्या वेळची भारताची सगळीच जनता मूलनिवासी आहे, अशी भूमिका घेऊन. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जमातींची संख्या १० कोटी ४३ लाख भरली. एवढ्यांचा देश असता तर त्या वर्षी तो जगात बारावा ठरला असता. महाराष्ट्रात १ कोटी ५ लाख. संयुक्त महाराष्ट्रासाठी १०६ जणांनी प्राण दिले. भाषेचं राज्य म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगावं लागत नाही. पण १९५६ ला आणि १ मे १९६० ला भाषेवरून सीमा आखल्या तेव्हा ज्या भाषांना दरबारी लिखित परंपरा होती त्यांचीच राज्यं झाली. गोंडी मुलूख महाराष्ट्र, मध्य प्रदेश, आंध्र आणि ओडिशात वाटला गेला, पुढे छत्तीसगड आणि तेलंगण झाल्यावर आणखी तुकडे पडले. भिल्लांचा सातपुडा-अरवलीचा पट्टा महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश आणि राजस्थानात. नंदुरबारच्या धडगावचा माणूस नर्मदेपलीकडच्या सोयऱ्याकडे जातो तेव्हा त्याच्या बोलीत फरक पडत नाही, शाळेची भाषा मात्र बदलते.

२०११ मध्ये लोकांनी मातृभाषेच्या रकान्यात १९,५६९ वेगवेगळी नावं सांगितली. छाननी होऊन ती १,३६९ झाली, आणि शेवटी दहा हजारांहून अधिक भाषकांच्या १२१ भाषांची यादी छापली गेली. या चाळणीत भिलोरी, पावरी, मावची, वसावा, वारली या सगळ्या ‘भिली’त जमा होतात. तरीही भिलीचे भाषक १ कोटी ४ लाख. आठव्या अनुसूचीत बावीस भाषा आहेत. त्यांतल्या नऊ भाषांचे भाषक भिलीपेक्षा कमी आहेत, काश्मिरी, कोकणी, संथाळी, बोडो धरून. संस्कृत मातृभाषा सांगणारे २४,८२१. संस्कृतचा मान तिच्या साहित्याचा आहे, संख्येचा नाही, हे मला मान्यच. पण मग चारशेपट भाषक असलेल्या भिलीला कशाच्या जोरावर आत घ्यायचं? संख्या चालत नाही, आणि लिखित साहित्य नाही म्हणायचं तर त्या भाषेत शिकवायची शाळाच आपण काढली नाही. धर्माच्या रकान्यातही हेच. २०११ मध्ये ४९ लाख ५७ हजार लोकांनी ‘सरना’ हा आपला आदिवासी धर्म सांगितला. जैनांची संख्या ४४ लाख ५१ हजार. जैनांना स्वतंत्र रकाना आहे, तो असायलाच हवा. सरना मात्र ‘इतर’मध्ये. झारखंड विधानसभेने २०२० च्या नोव्हेंबरात वेगळ्या रकान्याचा ठराव केला. पुढची जनगणना २०२७ ची आहे.

तोवर काही होतच नाही असंही नाही, म्हणून गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्याचं मेंढा (लेखा) सांगायला हवं. शंभरएक घरांचं गोंड गाव. गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्याबरोबर गावाने अभ्यास गट चालवले, निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घ्यायचे असं ठरवलं आणि घोषणा दिली: दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. २००६ चा वनहक्क कायदा आल्यावर २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशात सर्वांत आधी मिळालेल्यांपैकी एक. कागद मिळाला, तरी बांबू विकायला वाहतुकीचा पास लागतो आणि तो वनखात्याने द्यायचा की ग्रामसभेने, यावर अडलं. दोन वर्षं झगडा चालला. २०११ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि पासबुक ग्रामसभेच्या हाती दिलं. २०१३ मध्ये गावाने ग्रामदान कायद्याखाली आपली खाजगी शेतजमीनही ग्रामसभेच्या नावे केली. डॉज कायद्याने सामाईक जमिनीचे तुकडे करून समाज मोडला. इथे माणसांनी आपापले तुकडे आपणहून पुन्हा एकत्र केले.

कुर्दांना किंवा सहारावींना एवढ्याने भागणार नाही, हे उघड आहे. मेंढ्याला वेगळा देश नको होता, वेगळं राज्यही त्याने मागितलं नाही. त्याने मागितलं ते हे की आपल्या जंगलात बांबू किती, तो कधी तोडायचा आणि गाडी भरून बाहेर जाताना कागदावर सही कोणाची, हे गाव ठरवील. आज ती मोजणी ग्रामसभा करते, आणि सहीही तिचीच असते.